तिसऱ्या शनिवारची खोली

२०२५ च्या पावसाळ्यात पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर रुंदीकरणाचे जेसीबी आले, त्या आठवड्यात माझ्या ओसरीवर सकाळी सहालाच चपला साचायच्या. कुणाच्या हातात शंभराच्या बाँडवर लिहून घेतलेला प्लॉट, कुणाकडे घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा, कुणी प्लॉट नियमित केल्याचं गुंठेवारीचं प्रमाणपत्र चार घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेलं. मदतीला याच वसाहतीत वाढलेला एक तरुण वकील बसला होता. गुणी मुलगा. वाचणारा आहे, कष्टाळू आहे, आणि भूसंपादनावरच्या तीन वेबिनारची प्रमाणपत्रं त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. एका बाईंची पिशवी त्यानं उघडली, कागद उलटसुलट पाहिला आणि हळूच मला विचारलं, "सर, गुंठेवारी झालेली आहे म्हणजे घराला धक्का लागणार नाही ना?"

मी त्याच्यावर रागावलो नाही. राग आला तो आम्हा जुन्यांचा. कारण हा प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि तेव्हा उत्तर द्यायला माणसं होती, खोली होती, आणि ठरलेला वार होता.

ही खोली म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आसपास कुणीतरी वापरायला दिलेली एक जागा. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी, म्हणून आमचा तिसरा शनिवार. कोर्ट उठलं की साडेपाचला जमायचं. पंचवीस-तीस खुर्च्या, एक फळा, रंगाचा पोपडा धरलेलं लोखंडी कपाट आणि त्यात महाराष्ट्र लॉ जर्नलचे जुने खंड. वकिलांनी सनद मिळाल्यावरही शिकत राहावं, एवढाच त्यामागचा विचार. त्याला आम्ही कधी भारदस्त नाव दिलं नाही.

त्याआधीचा काळ मी ऐकलेला, थोडक्यात सांगतो. निजामाच्या राजवटीत आमच्या औरंगाबादचं कोर्टाचं काम उर्दूत चाले आणि वरचं कोर्ट हैदराबादला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तोंड मुंबईकडे वळलं. जुने वकील सांगत, की हायकोर्टाची तारीख म्हणजे मीटरगेजनं मनमाडला जायचं, तिथं गाडी बदलायची आणि पहाटे मुंबईत उतरून मोठ्या वकिलाच्या दारात फाइल घेऊन उभं राहायचं. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ बसलं, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि १९८४ मध्ये ते कायमचं झालं. खंडपीठ आलं आणि शहरात कायद्याची चर्चा वाढली. माझी सनद १९९३ ची. पहिली सहा-सात वर्षं तारखा मागण्यात आणि कारकुनांच्या टेबलाशी उभं राहण्यात गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

माझ्या आयुष्यातलं दशक म्हणजे १९९९ ते २००९.

त्या दहा वर्षांत दिवाणी कायद्याची घडीच बदलली. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्त्यांच्या विरोधात २००० साली देशभर वकिलांनी काम बंद ठेवलं, आम्हीही ठेवलं. शेवटी १ जुलै २००२ पासून त्या लागू झाल्या. कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद. सरतपासणी साक्षीदाराच्या तोंडून नव्हे, शपथपत्रावर. घोषणा देताना आमच्यातल्या किती जणांनी ती दुरुस्ती मुळातून वाचली होती? मी वाचली नव्हती. त्याची किंमत मी मोजली नाही, माझ्या पक्षकारानं मोजली. जुन्या सवयीनं मी एका दाव्यात कैफियत नव्वदीच्या पुढे नेली आणि ती घेतली गेली नाही. वैजापूरकडचा एक शेतकरी, भावाशी बांधाचा वाद. त्याला खंडपीठापर्यंत जावं लागलं, त्यात त्याचा बैल विकला गेला. ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सांगितलं. माझ्या शेतकऱ्याला तोवर थांबता आलं नव्हतं. त्यानंतर मी एकही तिसरा शनिवार चुकवला नाही.

खोली चालवत ते आमचे एक ज्येष्ठ. त्यांना स्वतःचं नाव छापून आलेलं कधी आवडलं नाही, म्हणून इथंही फक्त सर म्हणतो. त्यांचा एकच नियम होता. कलम पाठ सांगायचं नाही, बेअर अ‍ॅक्ट उघडून मोठ्यानं वाचायचं. परंतुकासकट आणि स्पष्टीकरणासकट. वाचताना जिथं आवाज अडखळायचा, तिथं सर थांबवायचे आणि विचारायचे, इथं का अडलास? अर्धी व्याख्यानं त्या अडण्यातूनच उलगडली.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ चा. बहुधा पुढच्याच वर्षी सरांनी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या एका मोजणीदारांना बोलावलं. पायजमा-सदरा, बगलेत गुंडाळलेले नकाशे. भाषण त्यांना येत नव्हतं. त्यांनी टेबलावर गटाचा नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर आमचीच पुस्तकं ठेवली. मग विकास आराखड्याचा तुकडा, त्याच मापात काढलेला, ट्रेसिंग कागदावर. तो त्यांनी नकाशावर ठेवला आणि दोन्ही उचलून ट्यूबलाइटसमोर धरले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी गोळा झालो. पेन्सिलीनं पाडलेले वीस बाय तीसचे प्लॉट दिसत होते आणि त्यांतल्या अकरा प्लॉटांच्या पोटातून रस्त्याची दुहेरी रेघ सरळ गेली होती.

तेव्हा मी विचारलं, की प्रमाणपत्र मिळाल्यावर या अकरा जणांना काय भीती? मोजणीदार हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, आधी रेघ बघा, मग कलम. घर बेकायदा म्हणून पाडायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची वाट, आणि आराखड्यातल्या रस्त्यासाठी जमीन घ्यायची असेल तर कलम १२६ ची. पहिल्या वाटेवर मालक आरोपीसारखा उभा असतो, दुसऱ्या वाटेवर मोबदला मागणारा. त्याच्या हातातला कागद कोणत्या वाटेवरचा, हे वकिलानं नोटीस वाचताना ओळखायला हवं. मग सरांनी नोंदणी कायदा उघडायला लावला आणि शंभराच्या बाँडनं मालकी का जात नाही, ते आम्ही रात्री साडेआठपर्यंत वाचत बसलो. बाहेर चहावाला दोनदा येऊन गेला होता.

त्या रात्री स्कूटरवर नगर नाक्यावरून पडेगावकडे येताना रस्त्याकडेच्या प्रत्येक नव्या भिंतीकडे मी पाहत होतो. कुठल्या भिंतीतून रेघ जात असेल?

दुसरी संध्याकाळ २००५ च्या हिवाळ्यातली. ९ सप्टेंबरला हिंदू उत्तराधिकार कायदा दुरुस्त झाला होता आणि मुलगी मुलासारखीच सहदायाद झाली होती. महाराष्ट्रानं हे १९९४ मध्येच केलं होतं, पण दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे आमच्याकडे दोन कायद्यांचा गुंता. मागच्या खुर्चीवरून एका नवख्या वकील मुलीनं विचारलं, की वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयातच नसतील तर? खोलीत गलका झाला, दोन तट पडले. सरांनी तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि सांगितलं, उत्तर येईपर्यंत कुणी पुसायचा नाही.

दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालानं वडील हयात हवेत असं म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं विनिता शर्मा प्रकरणात ते मोडीत काढलं. हक्क जन्मानं येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. तो निकाल मी टाळेबंदीत, पडेगावच्या घरात, फोनच्या पडद्यावर वाचला. सर तोवर गेले होते. खोली केव्हाच दुसऱ्या कामाला लागली होती आणि फळ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. ज्या मुलीनं तो प्रश्न विचारला होता तिला फोन लावला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

खोली एका दिवसात बंद पडली नाही, तिचा जीव हळूहळू गेला, आणि त्याचा हिशेब मला आज मांडायचा आहे. २००९ च्या सुमारास काहींना वाटलं, हे सगळं मोठ्या हॉलमध्ये व्हावं. हॉल आला, मागे बॅनर आला, शाल-श्रीफळ आलं. दीड तासाच्या कार्यक्रमात स्वागत, परिचय आणि आभार यांतच पाऊण तास जाऊ लागला. पाहुणे बोलून निघून जात, प्रश्नांना वेळ उरत नसे. फोटो मात्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे असत. मोजणीदारांसारखा माणूस त्या व्यासपीठावर कधीच चढला नसता. मी तेव्हा बोललो नाही. ज्येष्ठांना दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

मग टाळेबंदीत वेबिनार आले. त्यांचं ऋण मी मानतो. परांडा किंवा किनवटच्या वकिलाला दिल्लीतल्या ज्येष्ठाचं बोलणं घरबसल्या ऐकता आलं, हे पूर्वी शक्य नव्हतं. पण ऐकणाऱ्याचा कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि शेवटी एक फॉर्म भरला की प्रमाणपत्र ईमेलवर. अडखळणारा आवाज तिथं कुणाला ऐकू येत नाही. इथं का अडलास, असं विचारणारं कुणी नाही. १ जुलै २०२४ ला तीनही फौजदारी कायदे बदलले. तेवढ्या मोठ्या बदलासाठी आमच्याकडे काय होतं? एकदिवसीय कार्यशाळा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता: ३०२ चं १०३, ४२० चं ३१८. आकडे जुळवले म्हणजे कायदा समजला, अशी समजूत करून शेकडो तरुण कोर्टात उभे राहिले.

न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय अकादमी आहे, आपल्या राज्याची उत्तनला आहे. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस श्रेयांक लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटानं १९७५ मध्येच वकिलांना दर तीन वर्षांत ४५ तासांचं शिक्षण बंधनकारक केलं. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात चर्चासत्रं आणि व्याख्यानं भरवणं हे राज्य बार कौन्सिलचं काम म्हणून लिहिलेलं आहे, पण वकिलानं तिथं जायलाच हवं असं कुठंही नाही. सनद एकदा मिळाली की मरेपर्यंत पुरते. सक्ती यावी असं मला मनापासून वाटतं. पण ती तास मोजणारी असेल तर वही भरेल आणि डोकं कोरडं राहील. सक्ती हवी ती समोरासमोर बसण्याची, आपल्याच तालुक्यात, ज्याला उद्या कोर्टात तोंड दाखवायचं आहे अशा माणसासमोर. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. तिथल्या वकिलांना माझी हात जोडून विनंती आहे, की कामाच्या गर्दीत अशी एक खोली आधीच राखून ठेवा. आम्ही राखली होती, आणि सोडून दिली.

त्या सकाळी मी त्या तरुणाला उत्तर दिलं नाही. बाईंना विचारलं, नोटीस आहे का? त्यांनी कंबरेच्या पिशवीतून घामानं मऊ पडलेला कागद काढला. तो मी मुलाच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितला. वरच्या कलमाच्या आकड्यापासून. तिसऱ्या ओळीवर तो अडला.

येत्या तिसऱ्या शनिवारी साडेपाचला तो आणखी चौघांना घेऊन येणार आहे. गटाचा नकाशा मिळाला आहे, ट्रेसिंग कागद मी गुलमंडीतून आणून ठेवलाय. ओसरीवरची ट्यूबलाइट तेवढी बदलायची राहिली आहे.