एकमत आणि बहुमत : वितरित विदासाठ्यांतील दोषसहिष्णू व्यवहारनिश्चिती

प्रस्तावना :
एका खात्यातून ५,००० रुपये वजा करणे व ते दुसऱ्या खात्यात जमा करणे, या दोन नोंदी मिळून एकच व्यवहार होतो. ही खाती दोन वेगवेगळ्या संगणकांवर असतील तर दोन्ही नोंदी व्हाव्यात, अथवा एकही होऊ नये, हे बंधन पाळणे अत्यावश्यक ठरते. एखादा संगणक मध्येच बंद पडला तरी हे बंधन कसे टिकवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन टप्प्यांची निश्चिती :
जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये 'टू-फेज कमिट' या पद्धतीचे वर्णन केले. तीत एक संगणक समन्वयक असतो. पहिल्या टप्प्यात तो प्रत्येक सहभागी संगणकाची तयारी विचारतो. होकार देण्यापूर्वी सहभागी आपला बदल डिस्कवर नोंदवितो. सर्वांचा होकार आल्यास समन्वयक दुसऱ्या टप्प्यात निश्चितीचा आदेश देतो. अन्यथा व्यवहार रद्द करतो.

या पद्धतीचे सामर्थ्य होकारात आहे आणि तिची उणीवही तेथेच आहे. होकार दिलेल्या सहभागीला माघार घेता येत नाही. अशा वेळी समन्वयक बंद पडला आणि संपर्कातील कोणासही निर्णय ठाऊक नसला, तर सहभागी व्यवहार पूर्णही करू शकत नाही व रद्दही करू शकत नाही. संबंधित नोंदी कुलूपबंद राहतात आणि त्यांवर अवलंबून असलेले इतर व्यवहार खोळंबतात.

डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये तिसरा टप्पा सुचविला. परंतु संगणकांचे जाळे दुभंगल्यास त्याच्या दोन भागांत परस्परविरोधी निर्णय होण्याचा धोका त्यात उरतो.

पॅक्सॉस कमिट :
ग्रे आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी २००६ मध्ये वेगळा मार्ग मांडला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक सहभागीचे मत अनेक नोंदरक्षक संगणकांवर नोंदविले जाते. नोंदरक्षकांपैकी 'फ' इतके बंद पडले तरी काम चालावे, यासाठी एकूण '२फ + १' नोंदरक्षक लागतात. म्हणजे एकाचा बिघाड सोसण्यासाठी तीन, तर दोघांचा सोसण्यासाठी पाच. समन्वयक बंद पडल्यास नवा समन्वयक बहुसंख्य नोंदरक्षकांना विचारून निर्णय पूर्णत्वास नेतो. 'फ' शून्य मानल्यास हीच पद्धती दोन टप्प्यांच्या जुन्या पद्धतीत रूपांतरित होते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. व्यवहार निश्चित होण्यासाठी सहभागींचे एकमतच लागते. बहुमत पुरते ते केवळ त्या मतांची नोंद जपण्यासाठी. गूगलच्या 'स्पॅनर' प्रणालीतही, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार, दोन टप्प्यांची पद्धती कायम आहे. मात्र प्रत्येक सहभागी हा एक संगणक नसून पॅक्सॉसने बांधलेला संगणकांचा गट आहे.

निष्कर्ष :
फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले की, संदेशास लागणाऱ्या वेळेला मर्यादा नसेल तर एका संगणकाच्या संभाव्य बिघाडामुळेही निर्णय होईलच अशी हमी कोणतीही निश्चित कार्यरीती देऊ शकत नाही. पॅक्सॉसही त्यास अपवाद नाही. बहुसंख्य नोंदरक्षक परस्परांच्या संपर्कात नसतील तर तो थांबतो, पण चुकीचा निर्णय देत नाही. दोषसहिष्णुता म्हणजे दोषांचा अभाव नव्हे. कोणत्याही एका संगणकाच्या मौनामुळे सर्वांचा व्यवहार अडून न राहणे, हाच तिचा अर्थ होय.