छंद सुतारकामाचा, काळजी बोटांची

दोन महिन्यांपूर्वी आमचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय सहासष्ट. मला सातवीत गणित त्यांनीच शिकवले. रक्तदाब पाहून झाला, साखरेचा रिपोर्ट पाहून झाला, तरी गुरुजी स्टुलावरून उठेनात. शेवटी म्हणाले, "अरे डॉक्टर, मागच्या पडवीत सुतारकामाची खोली करावी म्हणतो. वडिलांचा रंधा, पटाशी, गुण्या सगळं माळ्यावर पडून आहे. मुलगा गोल करवतीचं मशीन घेऊन द्यायला तयार आहे. पण सूनबाई म्हणतात, आधी डॉक्टरांना विचारा."

मी लगेच 'हो' म्हणालो नाही. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ माझ्याकडे येत. निवृत्तीनंतर झोप उडालेली, घरात चिडचिड. मी त्यांना म्हणालो, "हाताला काहीतरी काम द्या." त्यांनी सुतारकाम सुरू केले. झोप सुधारली, जेवण सुधारले, मीही खूश झालो. मशीन कोणते आणले, हे मात्र मी कधी विचारले नाही. त्यांनी फरशी कापायच्या मार्बल कटरला लाकडाचे पाते चढवून तो प्लायवुडच्या टेबलाखाली उलटा बसवला होता. बटण चालूच राहील असे अडकवून ठेवलेले. एका दुपारी काम करताना वीज गेली. बटण बंद करायचे राहिले. पात्याजवळचा तुकडा काढायला त्यांनी हात घातला आणि नेमकी त्याच क्षणी वीज आली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. घरच्यांनी तुटलेली बोटे नुसत्या बर्फात टाकून आणली. मोठ्या शहरातल्या शल्यविशारदांनाही ती जोडता आली नाहीत.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण औषधाची चिठ्ठी घ्यायला ते डावा हात पुढे करतात, तेव्हा विचारायचा राहिलेला तो एक प्रश्न मला आठवतो.

म्हणून म्हणालो, "गुरुजी, सुतारकाम जरूर करा. पण मशीन घ्यायला जाल तेव्हा मला बरोबर न्या."

दुकानात काय पाहावे?

दुकानदाराने मोटारीचा हॉर्सपॉवर सांगितला, पात्याचा आकार सांगितला. पात्यावरच्या आवरणाबद्दल विचारले तर हसून म्हणाला, "ते कामात आडवं येतं साहेब. मिस्त्री लोक पहिल्याच दिवशी काढून टाकतात."

वाचकहो, गोल करवत निवडण्याचे सारे मर्म याच वाक्यात आहे. जी वस्तू लोक काढून फेकतात, ती चांगली आहे की नाही हे पाहूनच मशीन घ्यावे.

गुरुजींनी तिथल्या तिथे गणित मांडले. पाते १० इंची, मिनिटाला ४००० फेरे, म्हणजे दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर! "म्हणजे हात मागे घेईन म्हणायला वेळच नाही," ते म्हणाले. अगदी बरोबर. म्हणून सावधपणावर नव्हे, मशीनच्या रचनेवर भरवसा ठेवावा लागतो. पुढील गोष्टी पाहूनच पैसे द्यावेत.

१) पात्यामागची पट्टी : पात्याच्या लगेच मागे, त्याच्याच रेषेत एक पातळ पोलादी पट्टी उभी असते आणि ती पात्याबरोबर वरखाली होते. तिला 'रायव्हिंग नाइफ' म्हणतात. फळी उभी चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो आणि चीर मिटू लागते. मिटली की ती पात्याची मागची बाजू पकडते. तिथले दात खालून वर येत असतात. ते फळी उचलून कामकऱ्याच्या पोटावर किंवा छातीवर फेकतात, आणि फळीबरोबर हातही पात्याकडे ओढला जातो. ही पट्टी चीर मिटू देत नाही. ती नसेल तर मशीन फुकटही घेऊ नये.

२) आवरण : पारदर्शक असावे, सहज बसावे आणि सहज निघावे. जे बसवायला त्रास होतो ते माळ्यावर जाते.

३) बटण : वीज गेली की आपोआप बंद होणारे आणि वीज परत आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारे हवे. त्याला 'नो-व्होल्ट' स्विच म्हणतात. आपल्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो, त्यामुळे हे बटण चैन नव्हे, गरज आहे. ते गुडघ्याने किंवा मांडीने बंद करता येईल असे असल्यास उत्तम.

४) सरकती आधारपट्टी : फळी जिला टेकवून पुढे सरकवायची ती पट्टी पात्याला समांतर राहिली पाहिजे. ती हलत असेल तर फळी पात्यावर दाबली जाते.

५) भुशाचे तोंड : मागे नळी जोडून भुसा ओढून घेता यावा.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली एक युक्ती शोधली. पात्याला त्वचेचा स्पर्श होताच ते सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबते आणि बोटाला जेमतेम ओरखडा येतो. अशी मशीन्स २००४ पासून विकली जाऊ लागली. पण किंमत मोठी, आणि एकदा ब्रेक लागला की ब्रेकचा भाग व बहुधा पातेही बदलावे लागते. गुरुजींच्या पेन्शनला ते झेपणारे नव्हते. त्यांनी वरील पाचही गोष्टी असलेले मध्यम आकाराचे मशीन घेतले. जाड ओंडके आणि लांब फळ्या वखारीतूनच चिरून आणायचे ठरवले. हा शहाणपणाचा निर्णय. घरच्या खोलीत सगळेच झाले पाहिजे असा हट्ट नसावा.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. त्या दिवशी मशीन लावू नये. मधुमेहात तळपायांची व बोटांची संवेदना कमी झाली असल्यास, मोतीबिंदू असल्यास किंवा फिट येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधी जखमही जास्त वाहते. मात्र अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

हातमोजे घालून या मशीनवर काम करू नये. पाते मोज्यासकट हात ओढते. लुंगी, उपरणे, सैल बाही, अंगठी, घड्याळ हेही नको. डोळ्यांवर चष्मा हवा. अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा आणि स्वतः पात्याच्या रेषेत न उभे राहता बाजूला उभे राहावे.

या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. इतका आवाज उघड्या कानांनी दिवसाला पंधरा मिनिटांहून अधिक सोसू नये. कानात बोळे किंवा कानांवर टोप्या हव्यातच. गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

भुशाला निरुपद्रवी समजू नये. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावी कारागिरांत नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग जास्त आढळल्याचे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदवले. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांना असतो, म्हणून घाबरू नये. पण एन-९५ मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि भुसा कोरड्या झाडूने उडवू नये. दमा असणाऱ्यांनी विशेष जपावे.

अपघात झालाच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर उचलावा. हळद, कॉफी, चुना काहीही भरू नये. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ पाण्याने हलके धुवावे, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे आणि मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये, नाहीतर ते गोठून निकामी होते. रुग्णाला आणि पिशवीला एकाच गाडीतून न्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. हा परिच्छेद कापून सुतारकामाच्या खोलीत चिकटवून ठेवावा.

गेल्या रविवारी गुरुजींच्या पडवीत गेलो होतो. नातवासाठी पाट तयार झाला होता. रक्तदाब तिथेच पाहिला, बरा होता. भिंतीवर जुना फळा टांगलेला. त्यावर रोजची तारीख आणि पुढे एकच आकडा : १०, १०, १०.

"हे काय गुरुजी?" मी विचारले.

दोन्ही हात पुढे करून गुरुजी म्हणाले, "हजेरी! काम संपलं की रोज घेतो. पट दहाचा आहे, एकही गैरहजर चालणार नाही."