गर्भाची वाढ : एक माप कीं दोन?

गर्भ महिन्यामहिन्यानें कसा वाढतो याचें वर्णन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत आहे. परंतु अमुक मातेच्या उदरांतील गर्भ यथाकाल वाढतो आहे कीं नाहीं, हें जाणण्यास घरांतील वडील बायकांना पोटाचा आकार हेंच साधन होतें. १९५८ सालीं ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड यांनीं, मॅक्व्हिकर व ब्राऊन या सहकाऱ्यांसह, श्रवणातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून उदरांतील चित्रें काढून प्रसिद्ध केलीं. तीच आजची सोनोग्राफी. हींत क्ष-किरण नसतात.

हिच्या साह्यानें बाळाच्या डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. वारेंतून पोषण कमी पडूं लागलें म्हणजे गर्भ मेंदूचा सांभाळ आधीं करतो. यकृतांतील सांठा घटतो आणि पोटाचा घेर मागें राहतो.

आमच्या सूनबाईंना सातव्या महिन्यांतील तपासणीनंतर तीन आठवड्यांनीं पुन्हां बोलाविलें, तेव्हां मीच म्हणालों, "एकदां झाली ना? आतां पुन्हां कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, विद्यार्थ्याची उंची एकदांच मोजून तो वाढतो कीं नाहीं हें आपण सांगाल काय?" मी निरुत्तर झालों. तीन आठवड्यांनीं पाहतां डोकें वाढलें होतें. पोटाचा घेर मात्र जवळजवळ तेवढाच होता. नाळेंतील रक्तप्रवाहही मंदावलेला दिसला. वारंवार पाहणी करून, दिवस भरण्यापूर्वीं चार आठवडे शस्त्रक्रियेनें सुटका केली. नात लहानखुरी, पण सुखरूप जन्मली. माझें ऐकलें असतें तर काय झालें असतें, हा विचार अजून मनास बोंचतो.

तात्पर्य, एका मापानें आकार कळतो. वाढ कळण्यास दोन मापें लागतात, आणि त्यांत निदान दोन आठवड्यांचें अंतर असावें. पहिल्या तीन महिन्यांतील तपासणीनें गर्भाचें वय नीट ठरतें. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढील मापें त्या वयाशींच ताडावयाचीं असतात. सांगितलेलें वजन हा अदमास असतो, तो चुकूं शकतो. शिवाय लहान चणीच्या आईबापांचें मूल लहान असूनही निरोगी असूं शकतें. म्हणून एका आंकड्यावरून घाबरूं नये, कीं सुनेस तुपाचा आग्रहही करूं नये.

आणखी एक. मुलगा कीं मुलगी, हा प्रश्न तेथें कोणीं विचारूं नये. १९९४ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे. बाळ वाढतें आहे ना, एवढेंच विचारावें.