पाखरांची पारख

नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. १९८६ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणस्थळ होय. शरद ऋतूत येथे दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. परिसरातील काही शेतकऱ्यांसमवेत आम्ही पक्षिनिरीक्षणास गेलो, त्या दिवशी आभाळ भरून आले होते. अशा मंद उजेडात पिसांचे रंग नीट उमगत नाहीत. म्हणून पक्षी कोठे बसतो, कसा उडतो व काय टिपतो, इकडेच सर्वांनी लक्ष दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी पारख तीच होय.

वाटेवरच्या शेतात नांगरटीमागे गायबगळे उघड्या पडलेल्या अळ्या वेचीत होते. तारेवरचा कोतवाल उडत्या किड्यावर झेप घेऊन पुन्हा जागेवर येई. शेपटी हालविणारा धोबी बांधावर किडे टिपीत होता. कापशी घार हवेत एकाच जागी पंख फडफडवीत उंदरांचा माग घेत होती. भोरड्या ज्वारीचे दाणे खातात हे खरे. परंतु नाकतोडेही त्याच फस्त करतात.

हे मित्र राखण्यास खर्च फार नाही. हरभऱ्यात पिकाहून उंच असे पक्षिथांबे रोवावेत. त्यांवर बसून कोतवाल व साळुंक्या घाटे अळी टिपतात. विषाने मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरावेत. ते खाऊन घुबडे व घारी दगावतात, आणि मग उंदरांना धाक उरत नाही.