‘नॅनो’ पावडरीचा सौदा करण्यापूर्वी

भिवंडी-मालेगावकडे आपले कितीतरी बांधव सूत व कापड रंगविण्याच्या धंद्यात आहेत. काही बांधव पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकतात. ‘नॅनो’ हा शब्द या दोघांच्याही कानावर पडतो. म्हणून हा माल काय आहे, ते आम्ही थोडक्यात सांगत आहोत.

टिटॅनियम डायऑक्साईड ही पांढरी भुकटी ऑइलपेंटमध्ये वर्षानुवर्षे वापरली जाते. तिचे कण नॅनोमीटरच्या मापात, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबाने बारीक केले, की चिमूटभर भुकटीलाही प्रचंड पृष्ठभाग मिळतो. त्यावर अतिनील किरण पडले, की पाणी आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांच्यापासून अतिशय तीव्र घटक तयार होतात. ते रंगाचे रेणू तोडतात व जंतूंचे कवच फोडतात. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी या पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखविले. तेथून या संशोधनाला जोर आला.

अडचण अशी, की उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के असतात. त्यावर उपाय म्हणजे ‘डोपिंग’. सोनार सोन्यात थोडे तांबे घालून त्याला टणकपणा आणतो, तसे या भुकटीत नायट्रोजन, लोह, तांबे किंवा चांदी अल्प प्रमाणात घालतात. २००१ साली जपानी संशोधकांनी नायट्रोजन घातलेली भुकटी साध्या दृश्य प्रकाशातही काम करते, असे दाखविले. झिंक ऑक्साईडवरही असेच प्रयोग झाले आहेत. मात्र मिश्रण प्रमाणाबाहेर गेले तर गुण वाढण्याऐवजी घटतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही, म्हणून पाणी आधी गाळावे लागते. पाण्यातील क्षार व जडपणा याने जात नाही. झिंक ऑक्साईड आम्लात विरघळते, त्यामुळे आम्लयुक्त पाण्यात ते टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रंग उडाला म्हणून पाणी शुद्ध झाले असे नव्हे. रंग तुटून बिनरंगी रसायने मागे राहू शकतात.

म्हणून रंगारी बांधवांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. माझ्याच कारखान्याच्या पाण्यावर चाचणी करून आधीचा व नंतरचा सीओडी दाखवाल का? भुकटी पाण्यातून परत कशी काढणार? ती किती वेळा वापरता येईल? पिण्याच्या पाण्याचे यंत्र विकणाऱ्यांनी प्रयोगशाळेचा दाखला पाहावा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

मालाचा दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. गिऱ्हाईक आपल्या शब्दावर विश्वास ठेवून ते पाणी मुलाबाळांना पाजते. ही अमानत आहे. दाखला हाती असेल तरच सौदा करावा, असे आम्ही सुचवितो.