सुया, टकळी आणि माइक

विणकामाचा पॉडकास्ट : कानाने काय कळते?

‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात आला. पुढच्याच वर्षी ब्रेंडा डेन यांनी वेल्समधून ‘कास्ट-ऑन’ सुरू केला. विणकामावरच्या अगदी सुरुवातीच्या पॉडकास्टपैकी तो एक. विणताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे, म्हणून हे माध्यम या छंदाला नेमके जुळते. न दिसणारी वीण ऐकून कशी समजणार, हा आक्षेप रास्तच आहे. पण वर्णन काटेकोर असेल तर बरेच साधते. दोन सुयांवर ओळीतले सगळे टाके सुईवरच राहतात, क्रोशात बहुधा एकच. टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की धाग्याला ‘झेड’ पीळ बसतो. असे दोन धागे एकत्र करताना उलटा, ‘एस’ पीळ द्यायचा.

आकडे मात्र नुसते बोलून भागत नाही. लोकरीची जाडी आणि १० सेंटिमीटरमध्ये बसणारे टाके भागासोबतच्या मजकुरात लिहून द्यावेत. सुईचे माप मिलिमीटरमध्येच सांगावे : जुन्या ब्रिटिश पद्धतीची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकी ८ नंबरची ५ मिलिमीटरची.