कर्ण खरंच इतका ग्रेट होता? महाभारत मालिकांमधल्या 'ओव्हररेटेड' लाडक्या पात्रांची गोष्ट

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की सेलू तालुक्यात केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला इथे दूरदूरहून लोक येतात. पण गावाची आणखी एक ओळख आहे. स्थानिक लोक सांगतात, महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. भीमाने बकासुराला मारलं ते इथेच.

असा दावा करणारं केळझर हे एकटं गाव नाही. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल आणि पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातलं एकचक्र हीदेखील आपणच ती नगरी असल्याचं सांगतात. तो वाद बाजूला ठेवू. गंमत वेगळीच आहे. ज्या भीमाला तीन-तीन ठिकाणचे लोक आपलं म्हणतात, त्याच्यावर सोशल मीडियावर किती रील बनतात? आणि कर्णावर किती?

उत्तर मोबाईल उघडला की मिळतं. स्लो मोशनमध्ये चालणारा कर्ण, मागे गंभीर संगीत आणि खाली कमेंट : 'खरा हिरो कर्णच'. भीम दिसतो तो बहुतेक वेळा जेवणाच्या मीममध्ये.

मग प्रश्न पडतो. टीव्हीने काही पात्रांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त प्रेम मिळवून दिलं का? आणि त्या नादात कोणावर अन्याय झाला?

टीव्हीवरचा कर्ण कुठून आला?

बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. संवाद राही मासूम रझा यांचे होते. पंकज धीर यांनी साकारलेला कर्ण घराघरात पोहोचला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हीच मालिका पुन्हा लागली आणि नव्या पिढीनेही ती पाहिली. त्याआधी २०१३-१४ मध्ये स्टार प्लसचं 'महाभारत' येऊन गेलं होतं. २०१५ मध्ये तर सोनीवर थेट 'सूर्यपुत्र कर्ण' नावाची मालिकाच आली. २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' चित्रपटात प्रभास कर्णाच्या रूपात दिसला आणि कर्ण मोठा की अर्जुन, या वादाने पुन्हा सोशल मीडिया भरून गेला.

पण मराठी माणसाच्या मनातला कर्ण टीव्हीच्या आधीच तयार झाला होता. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ मध्ये. हिंदीत त्याआधीच, १९५२ मध्ये, रामधारी सिंह 'दिनकर' यांचं 'रश्मिरथी' आलं होतं आणि आजही त्याच्या ओळी रीलमागे वाजतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगतो. जो गोष्ट सांगतो, त्याच्या बाजूने आपण नकळत उभे राहतो. कादंबरीची ती ताकदच आहे, त्यात चूक काही नाही. गोंधळ होतो तो कादंबरी हेच मूळ महाभारत समजलं की.

मूळ कोणतं, हे कसं ठरवायचं?

यासाठी फार लांब जायची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं काम हाती घेतलं. देशभरातली १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. जो मजकूर बहुतेक परंपरांमध्ये सापडतो तो मुख्य संहितेत ठेवला गेला आणि जो मोजक्याच प्रतींमध्ये आहे तो तळटीपांत किंवा परिशिष्टात गेला. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी या कामाची पद्धत घालून दिली. संहितेचं काम १९६६ मध्ये पूर्ण झालं.

म्हणजे 'हे व्यासांच्या महाभारतात आहे का?' असा वाद झाला तर तपासायला एक भक्कम आधार आहे. तो हातात घेऊन आता लाडक्या पात्रांकडे पाहू.

१. कर्ण : अन्याय खरा, पण गोष्ट अर्धीच

कर्णावर अन्याय झाला, हे महाभारत स्वतःच सांगतं. रंगभूमीवर त्याला कुळावरून अडवलं गेलं. 'प्रतोद हातात घे, रथ हाक', असं त्याला हिणवणारा दुसरातिसरा कोणी नसून भीम होता. तेव्हा भीमही धुतल्या तांदळासारखा नाही.

पण रीलमध्ये फिरणाऱ्या अनेक गोष्टी चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत सापडत नाहीत.

- 'मी सूताला वरणार नाही' असं म्हणून द्रौपदीने कर्णाला भर स्वयंवरात नाकारलं, हा प्रसंग मुख्य संहितेत नाही. कर्ण, शल्य यांच्यासारख्या बलाढ्यांनाही ते धनुष्य वाकवता आलं नाही, असा उल्लेख मात्र आहे.
- कर्णाच्या बाणाने अर्जुनाचा रथ थोडा मागे गेला आणि कृष्णाने कर्णाचंच कौतुक केलं, ही गोष्ट नंतरची.
- मरताना सोन्याचा दात काढून दान केला, ही लोककथा.
- द्रौपदीला मनातून कर्ण आवडायचा, हे आपल्याकडच्या जांभूळ आख्यानातलं. विठ्ठल उमप यांनी ते रंगमंचावर गाजवलं. लोककथा म्हणून ते सुंदर आहे, पण ते व्यासांचं नाही.
- द्रोणांनी कर्णाला शिकवलंच नाही, हेही तसं नाही. द्रोणांकडे शिकायला आलेल्यांमध्ये कर्णाचं नाव आहे. द्रोणांनी नाकारलं ते ब्रह्मास्त्र.

दुसरीकडे, जे संहितेत आहे ते रीलमध्ये येत नाही.

घोषयात्रेच्या प्रसंगात गंधर्वांनी कौरवांवर हल्ला केला. कर्णाचा रथ मोडला आणि तो विकर्णाच्या रथावर चढून रणातून निघून गेला. दुर्योधन कैद झाला. त्याला सोडवलं कोणी? पांडवांनी. विराटाच्या गायी पळवायला गेलेल्या कौरवसेनेला अर्जुनाने एकट्याने हरवलं, त्या सेनेतही कर्ण होता. अभिमन्यूला अनेकांनी मिळून घेरलं, तेव्हा त्याचं धनुष्य तोडणारा कर्णच होता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट द्यूतसभेतली. द्रौपदीला फरफटत आणल्यावर कौरवांपैकीच एक, विकर्ण, उभा राहिला आणि हा अधर्म आहे असं म्हणाला. त्याला गप्प कोणी केलं? कर्णाने. द्रौपदीला पाच पतींवरून भर सभेत वेश्या म्हणणारा कर्ण होता. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढ, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच होता.

इथेच हा विषय नुसत्या फॅन-वॉरच्या पलीकडे जातो. 'त्याच्यावर लहानपणी अन्याय झाला होता' या एका वाक्यात एका स्त्रीचा जाहीर अपमान धुऊन टाकता येतो का? कमेंटमध्ये अनेकदा तेच होतं. काही जण आणखी पुढे जातात आणि घडलं त्याला द्रौपदीच जबाबदार होती असं लिहितात. पुरावा म्हणून पुढे करतात तो स्वयंवरातला नकार, जो संहितेत नाहीच.

२. भीष्म : प्रतिज्ञा मोठी, पण प्रश्नही मोठे

मुकेश खन्ना यांनी उभे केलेले भीष्म पाहून एक पिढी भारावली. पांढरीशुभ्र दाढी, खर्जातला आवाज, अढळ प्रतिज्ञा. टीव्हीवर भीष्म म्हणजे त्यागाचा पुतळा.

पण काशीच्या तीन राजकन्या त्यांनी सावत्र भावासाठी बळाने पळवून आणल्या. त्यातली अंबा ना शाल्वाची राहिली, ना हस्तिनापूरची. तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. सभेत द्रौपदीने कायद्याचा नेमका प्रश्न विचारला : स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? त्यावर भीष्मांचं उत्तर काय? धर्माची गती सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये याच भीष्मांना कठोर प्रश्न विचारले. १९६७ चं हे पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या वर्षी 'मृत्युंजय'ने कर्णाला नायक केलं, त्याच वर्षी 'युगान्त'ने महाभारतातल्या सगळ्याच थोरांना माणूस म्हणून तपासलं. मराठी वाचकाला दोन्ही पुस्तकं एकाच वेळी मिळाली होती. मालिकांनी त्यातली पहिली वाट धरली.

३. शकुनी : मीममुळे 'मास्टरमाइंड'

'सगळा खेळ मामाचाच होता' ही आणखी एक लाडकी थिअरी. वडिलांच्या हाडांचे फासे, कैदेत उपाशी मेलेले भाऊ, त्याचा सूड : ही कहाणी थरारक आहे, पण तीही लोकपरंपरेतली. संहितेतला शकुनी कपटी जुगारी आहे आणि भाच्याच्या बाजूने खेळतो. स्वतःच्या सूडासाठी कुरुकुळ बुडवणारा तो नाही.

असा 'मास्टरमाइंड' तयार झाला की दुर्योधन, धृतराष्ट्र आणि सभेत गप्प बसलेले सगळे सुटतात. दोष एका माणसाच्या फाशांवर ढकलला जातो.

मग मागे कोण राहिलं?

पुन्हा केळझरकडे, म्हणजे एकचक्रेकडे येऊ. गोष्ट अशी आहे : गावाने राक्षसाशी करार केलेला. पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी आसऱ्याला होते, त्या घराची पाळी येते. घरात रडारड सुरू होते, मी जातो, मी जाते असं प्रत्येक जण म्हणतो. कुंती आपल्या मुलाला पाठवते. भीम जातो आणि गावाची सुटका करतो.

यात राज्य नाही, किताब नाही, सूड नाही. आसरा देणाऱ्याचे उपकार फेडणं, एवढंच आहे. टीव्हीवर हा प्रसंग बहुतेक वेळा विनोदी होतो, कारण भीम गाड्यावरचं जेवण आधी खातो.

द्यूतसभेत बाकीचे पांडव मान खाली घालून बसले असताना मोठ्या भावावर उघड चिडणारा भीम होता. ज्या हातांनी द्रौपदीला पणाला लावलं ते हात जाळतो, सहदेवा अग्नी आण, असं तो म्हणाला. अर्जुनाने त्याला आवरलं. विराटाघरी कीचकाने द्रौपदीला छळलं तेव्हा ती मध्यरात्री गेली ती भीमाकडेच. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं नाव लोक याच कीचकाशी जोडतात आणि तिथे भीमकुंडही दाखवतात. विदर्भाच्या लोकस्मृतीत भीम असा जागोजागी आहे. चोप्रांच्या मालिकेत ही भूमिका केलेले प्रवीणकुमार सोबती तर आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्ण जिंकलेले खेळाडू होते. तरीही लक्षात राहिली ती गदा आणि भूक.

आणि विकर्ण? शत्रूच्या गोटात उभं राहून खरं बोलणारा हा माणूस टीव्हीवर दोन-चार मिनिटांत संपतो. पुढे युद्धात त्याला भीमाच्याच हातून मरावं लागतं.

असं का होतं?

कारणं साधी आहेत. मालिकेला रोज रडवणारं पात्र लागतं आणि ज्याच्यावर अन्याय झालाय ते पात्र हमखास चालतं. देखणा नट आणि पार्श्वसंगीत मिळालं की निम्मं काम होतं. उरलेलं काम तीस सेकंदांची रील करते, कारण त्यात 'पण' हा शब्द मावत नाही.

आणखी एक कारण आहे आणि त्याची थट्टा करता येणार नाही. जन्मावरून हिणवलं जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कर्णात स्वतःचं दुःख दिसतं. ते दुःख खरं आहे. कर्णाचं मोजमाप करताना ते नाकारायची गरज नाही.

मग कर्ण 'ओव्हररेटेड' आहे का?

टीव्हीवरचा, निर्दोष कर्ण : होय. व्यासांचा कर्ण : नाही.

युद्धाआधी कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून थेट राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो. अधिरथ आणि राधेने मला वाढवलं, दुर्योधनाने आधार दिला, त्यांना सोडणार नाही, असं तो सांगतो. हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, नाहीतर तो राज्य घेणार नाही, असंही म्हणतो. आणि त्याच संभाषणात तो कबूल करतो की पांडवांना जे कटू बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतोय. चूक केलेला आणि ती कळलेला हा माणूस रीलमधल्या हिरोपेक्षा कितीतरी मोठा आहे. मालिकांनी त्याची चूकच पुसली, त्यामुळे त्याचा पश्चात्तापही गेला.

वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी आश्रम उभारणाऱ्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबा महाभारताचं वैशिष्ट्य सांगतात : इथे कोणीच पूर्ण चांगला किंवा पूर्ण वाईट नाही. व्यास भीष्म-युधिष्ठिरांचे दोष दाखवतात आणि कर्ण-दुर्योधनांचे गुणही.

तेव्हा पुढची रील शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहा. हा प्रसंग संहितेतला, कादंबरीतला की लोककथेतला? या पात्राने त्या दिवशी सभेत काय केलं होतं? आणि याला मोठं करताना कोणाला लहान केलं जातंय?

कर्ण आवडत असेल तर खुशाल आवडू द्या. फक्त पूर्ण कर्ण आवडू द्या.